अंगठ्याची किंमत

दिलेला शब्द पाळावा, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. हरिश्चंद्राने स्वप्नात दिलेला शब्दसुद्धा पाळला, ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो आणि मुले डोळे मोठे करून ऐकतात.

मग यंत्रात बोटे गमावलेला कामगार मालकाशी ठरावीक रकमेवर तडजोड करतो, कागदावर अंगठा उठवतो, आणि पुढे तोच पूर्ण भरपाई मागू लागतो, तेव्हा न्यायासनाने त्याला साथ द्यावी काय?

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने यावर दिलेले उत्तर मला शहाणपणाचे वाटते. एकरकमी तडजोडीचा कागद मालकाने आयुक्ताकडे पाठवायचा. रक्कम अपुरी असेल किंवा फसवून, दडपण आणून संमती घेतली असेल, तर आयुक्ताला नोंद नाकारता येई. मालकाने कागद पाठवलाच नाही, तर पूर्ण भरपाईचा बोजा त्याच्यावर. आणि आयुक्ताने वेगळे सांगितले नाही, तर आधी दिलेल्या पैशांतून निम्म्याहून अधिक वजावटही त्याला मिळत नसे. पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही नोंदणीचे हे तत्त्व आले.

कोणी म्हणेल, कामगार काही अजाण बालक नव्हे. खरे आहे. परंतु हरिश्चंद्र राजा होता. 'नाही' म्हणणे त्याच्या हाती होते. घरात चूल पेटायची आहे, हात बांधलेला आहे, दुकानदार उधारी देत नाही, अशा माणसाचा होकार हा त्याच्या गरजेचा होकार असतो. तो त्याच्या माथी कायमचा मारणे मला धर्माचे वाटत नाही.

मात्र एकदा नोंद झाली, की तोच कागद मालकालाही बांधतो. त्याने पैसे थकवले, तर ते जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद त्याच कायद्यात होती. ज्या कडकपणाने सरकार शेतकऱ्याकडून सारा घेत आले, तो कडकपणा येथे थोट्या हाताच्या मदतीला आला!

वाचकहो, आपण कारखानदार नसू. परंतु धुणेभांडी करणाऱ्या बाईशी, अंगण सारवणाऱ्या म्हातारीशी आपणही पैसे ठरवतो आणि "ती हो म्हणाली" एवढ्यावर निश्चिंत होतो. तिला 'नाही' म्हणता आले असते का, हे या दिवाळीत तिच्या हातावर पैसे ठेवताना एकदा मनाशी विचारून पाहावे.