ईयोबाचे मित्र

5 जून 1981 रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची हकीकत छापून आली. पाचही समलिंगी, आधी धडधाकट. आणि पाचही जणांना प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसालाच गाठणारा न्यूमोनिया. दोघे तोवर दगावले होते. 1983 साली पॅरिसमध्ये या रोगाचा, म्हणजे एड्सचा, विषाणू सापडला. त्याच सुमारास जेरी फॉलवेलसारखे धर्मोपदेशक आपलं निदान करून मोकळेही झाले होते: ही देवाची शिक्षा. आपल्याकडे त्यासाठी धर्मोपदेशकही लागत नाही. ‘भोगतोय केलेल्या कर्माची फळं’ हे दवाखान्याच्या बाकावर सहज ऐकू येतं.

शिक्षाच म्हणायची तर न्याय मोठा अजब. समलिंगी स्त्रियांना या देवाने जवळपास मोकळं सोडलं आणि आफ्रिकेत नवऱ्याशी एकनिष्ठ राहिलेल्या कितीतरी बायकांना पकडलं. इंडियानातल्या रायन व्हाइट या शाळकरी मुलाला हिमोफिलियावरच्या औषधातून लागण झाली, तेव्हा लोक त्याला ‘निष्पाप बळी’ म्हणू लागले. म्हणजे बाकीचे दोषी, हे न बोलता ठरलं. (शाळेचं दार त्यालाही बंद झालं, हा भाग वेगळा.)

विषाणूचं गणित रुक्ष आहे. गुदाशयाचं अस्तर नाजूक, त्यामुळे तिथून लागण होण्याचा धोका योनिमार्गापेक्षा कितीतरी पट जास्त. पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला विषाणू शिगेला पोचतो, अंगावर मात्र तापकणकणीपलीकडे फारसं दिसत नाही. पुढे माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत. सॅन फ्रान्सिस्कोतल्या पुरुषांचं 1978 साली हिपॅटायटिसच्या अभ्यासासाठी घेतलेलं रक्त नंतर तपासलं, तर काहींत हा विषाणू तेव्हाच होता.

यात नीतीचा प्रश्न येतो कुठे? येतो, पण दुसऱ्या टोकाला: आजाऱ्याशी बाकीचे कसे वागतात तिथे.

बायबलमधला ईयोब मुलंबाळं, गुरंढोरं गमावून, अंगभर फोड घेऊन राखेत बसतो. मित्र येतात, सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसतात, आणि मग तोंड उघडतात ते त्याचं पाप शोधायला. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. शिक्षेची भाषा करणाऱ्यांच्या हाती हाच ग्रंथ होता!

1983 साली सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलात एड्सच्या रुग्णांसाठी 5बी वॉर्ड उघडला. तिथले परिचारक-परिचारिका हातमोजे न घालता रुग्णाचा हात हातात घेत, पलंगावर टेकून बोलत. रोगावर औषध नव्हतंच. मित्रांचे ते पहिले सात दिवस त्यांनी पुढे चालू ठेवले.

आज औषध आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या अभ्यासात 782 समलिंगी जोडपी होती. एक जोडीदार बाधित पण उपचाराने विषाणू दबलेला. निरोधाशिवाय सुमारे 76,000 संबंध झाले, आणि त्या जोडीदाराकडून लागण एकालाही नाही. मात्र गोळी सुरू व्हायला आधी तपासणीला यावं लागतं, आणि तिथे आणणाऱ्यांचंच काय होतं ते 2001 साली लखनौत दिसलं. समलिंगी पुरुषांत एड्सप्रतिबंधाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी समलिंगी संबंधांना तेव्हा गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 खाली पकडलं आणि महिन्याहून अधिक काळ ते तुरुंगात राहिले. सुरक्षित संबंधांची माहिती देणारं त्यांचं साहित्य अश्लील म्हणून जप्त झालं.