‘गिअर बरोबर आहेत ना, दादा?’

सायकल विकताना मी एकही खोटं वाक्य बोललो नाही. हे आधीच सांगतो, कारण सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

पहिल्या नोकरीच्या पगारातून सहा वर्षांपूर्वी घेतलेली ती माउंटन बाइक. वेताळ टेकडी, सिंहगडाचा घाट, पावसाळ्यातला चिखल, उन्हाळ्यातली धूळ, सगळं तिने खाल्लं. मग घर बदललं, ऑफिस लांब गेलं आणि सायकल पार्किंगमध्ये उभी राहू लागली. विकायची ठरवली तेव्हा एक गोष्ट मला पक्की माहीत होती : मागचा डिरेलर संपत आलाय.

डिरेलर म्हणजे मागच्या चाकाजवळ लोंबणारा तो भाग, जो चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो. मुळात तो एक समांतरभुज चौकोन आहे. चार सांध्यांवर हलतो. प्रत्येक सांध्यात एक पिन. चिखल-मातीने चारही सांधे थोडे थोडे झिजतात. एकेका सांध्यातली झीज डोळ्याला दिसतही नाही, पण खालच्या टोकापर्यंत चौघांची बेरीज होते आणि तिथे बोटाने हलवलं की सगळं लडबडतं. माझी कॅसेट ९ स्पीडची. तिच्यात शेजारच्या दोन चकत्यांमधलं अंतर साडेचार मिलिमीटरपेक्षाही कमी. टोकाशी दोनेक मिलिमीटर हलणारा डिरेलर चेनला नेमकी जागा देणार कशी? सपाटीवर चालून जातं. चढावर, जोर लावल्यावर, गिअर आपोआप उडी मारतो.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांनी वर्षभरापूर्वीच सांगितलं होतं, “जॉकी व्हील बदलून देईन रे, पण पिनांमध्ये प्ले आलाय. त्याचे सुटे पार्ट मिळत नाहीत. आख्खा डिरेलर बदल.” मी बदलला नाही. केबलचा बॅरल अ‍ॅडजस्टर पाव फेरा फिरवायचो. आठवडाभर बरं चालायचं. मग परत पाव फेरा. कोड लिहिणाऱ्या कुणालाही ही सवय ओळखीची वाटेल. मूळ दुखणं तसंच ठेवून वरून एक ‘इफ’ टाकायचा आणि पुढच्या स्प्रिंटला निघायचं.

सायकल बघायला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला. आदल्या रात्री मी सायकल धुतली, चेनला तेल दिलं, गिअर ट्यून केले. विकण्याआधी हे कुणीही करतं. तो म्हणाला, “बाहेर एक राउंड मारून येऊ?” मी म्हणालो, “बाहेर ट्रॅफिक असतो, इथेच मार की.” सोसायटीचं पार्किंग सपाट आहे. त्याने दोन फेऱ्या मारल्या, खूश झाला आणि विचारलं, “गिअर बरोबर आहेत ना, दादा?”

मी म्हणालो, “कालच ट्यून केलेत.”

वाक्य शंभर टक्के खरं. त्याने दोन हजार अ‍ॅडव्हान्स पाठवला आणि उद्या संध्याकाळी येतो म्हणून गेला.

रात्री झोप लागेना. स्वतःच्या बाजूने वकिली सुरू झाली. जुनी सायकल घेतोय, झीज असणार हे त्यालाही कळतं. किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी आहे. तो सज्ञान आहे, मेकॅनिकला आणायला कुणी अडवलं होतं? शिवाय झीज हा काही गुन्हा नव्हे.

शेवटी मोबाइलवर कायदा शोधत बसलो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १७ आहे, फसवणूक म्हणजे काय ते सांगणारं. त्यात एका घोड्याची उदाहरणं दिली आहेत. घोड्यात दोष आहे हे मालकाला माहीत आहे, तो लिलावात काहीच बोलत नाही. ही फसवणूक नाही. वाचून बरं वाटलं. पुढचं उदाहरण : घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. आता मात्र त्या नात्यामुळे सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. त्यापुढचं : घेणारा म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा धडधाकट समजेन. मालक गप्प राहतो. इथे त्याचं गप्प राहणं बोलण्याइतकंच धरलं जातं.

दीडशे वर्षं जुना कायदा माझ्या पार्किंगमध्ये येऊन उभा राहिला. मुलाने सरळ विचारलं होतं. मी गप्पही राहिलो नव्हतो. खरं वाक्य पुढे करून त्याचा प्रश्न झाकला होता. आणि ते ‘दादा’! आपण कुणालाही दादा म्हणतो, त्याने नातं जडत नाही, हे खरं. पण विचारणाऱ्याने थोडा विश्वास टाकलेला असतो, एवढं तर त्या शब्दात असतंच.

मग प्रत्येक ओरखडा सांगत बसायचं का? मला तसं वाटत नाही. डिरेलरमध्येच बघा, बऱ्याच डिरेलरच्या वरच्या जॉकी व्हीलला आडवी थोडी हालचाल मुद्दाम ठेवलेली असते, म्हणजे केबल किंचित इकडेतिकडे असली तरी चेन जुळवून घेते. सगळी ढिलाई म्हणजे दोष नव्हे. माणसांच्या व्यवहारातही थोडी सैल जागा लागते. फाटलेलं सीट त्याला दिसत होतं, ते न सांगण्यात काही लपवणं नव्हतं.

मी स्वतःपुरती रेघ अशी ओढली : जे दिसू नये म्हणून मी काही केलं, ते सांगणं माझ्यावर आहे. ट्यूनिंगचं एकवेळ सोडा. ‘ट्रॅफिक असतो’ हे मी का म्हणालो? गेटबाहेर डावीकडे चढ आहे, म्हणून. आणि हा नुसता पैशांचा प्रश्न नव्हता. ढिला डिरेलर सगळ्यात हलक्या गिअरवर आत झुकून स्पोकमध्ये अडकू शकतो, चाक जागीच जाम होतं. हलका गिअर आपण घाटातच टाकतो.

सकाळी फोन केला. सगळं सांगितलं, नवा डिरेलर माझ्या खर्चाने बसवून देतो म्हणालो. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मग काल का नाही सांगितलंत?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो म्हणाला, “राहू दे दादा. अ‍ॅडव्हान्स परत करा.” केला. त्याचं बरोबरच होतं. डिरेलर मी बदलला असता, पण ब्रेकबद्दल, फोर्कबद्दल मी जे सांगितलं होतं ते आता त्याने कशाच्या भरवशावर खरं मानायचं? खरं सांगायलाही वेळ असते, ती मी आदल्या संध्याकाळी घालवली होती.

काकांकडून नवा डिरेलर बसवून घेतला. पुढचा गिऱ्हाईक पंधरा दिवसांनी आला. त्याला मी आधी गेटबाहेर डावीकडे नेलं. खाली येऊन त्याने मागचा टायर गुळगुळीत झालाय म्हणून पंधराशे कमी करायला लावले.