अंगणापलीकडील शुचिता

श्रीमद्भगवद्गीतेत ‘शौच’ हा शब्द चार अध्यायांत आला आहे. तेराव्यात तो ज्ञानाचे लक्षण म्हणून येतो, सोळाव्यात दैवी संपत्तीचा गुण म्हणून, सतराव्यात शारीर तप म्हणून, तर अठराव्यात ब्राह्मणाचे स्वभावकर्म म्हणून. व्यवहारात हा शब्द आज एका देहधर्मापुरता संकुचित झाला असला, तरी गीतेला अभिप्रेत आहे ती शुचिता. श्रीशंकराचार्य तिचे दोन भाग सांगतात. माती व पाणी यांनी देहाचा मळ धुणे ही बाह्य शुचिता. आणि विरुद्ध भावनेच्या अभ्यासाने मनातील रागद्वेष दूर करणे ही आंतर शुचिता.

काही वर्षांपूर्वी याच भाष्याचा मराठी अनुवाद करीत असता मजकडून एक प्रमाद घडला. रात्री लोणच्याची काचेची बरणी हातातून निसटून फुटली. तुकडे एका पिशवीत भरले. कचऱ्याची गाडी सकाळी येते हे ठाऊक होते. परंतु फुटकी काच रात्रभर घरात नको, म्हणून ती पिशवी गल्लीच्या कोपऱ्यावर, जेथे आधीच ढीग साचला होता तेथे, ठेवून आलो. हातपाय धुतले, आचमन केले आणि शुचितेवरील त्याच वाक्यापाशी पुन्हा लिहावयास बसलो.

सकाळी रस्ता झाडणाऱ्या बाईंच्या तळहाताला चिंधी बांधलेली दिसली. विचारता त्या म्हणाल्या, “पिशवीत काच होती, गुरुजी. कागदात बांधून वेगळी दिली असती तर लागली नसती. कोणाची होती, देव जाणे.”

त्या क्षणी ‘माझी होती’ असे म्हणावयास माझी जीभ वळली नाही. दिवसभर लेखणीही चालली नाही. संध्याकाळी त्यांचे घर शोधून अपराध कबूल केला आणि त्यांना दवाखान्यात नेऊन धनुर्वाताची सुई टोचवून आणली. त्या एवढेच म्हणाल्या, “आता कळलं ना, मग झालं.”

मला जे कळले ते असे. मी घर शुद्ध केले नव्हते. घरातील अशुद्धी दुसऱ्याच्या तळहातावर ठेवली होती. ‘टाकून दिले’ असे आपण म्हणतो, परंतु टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती कोणाच्या तरी हाती लागते, गाईच्या पोटात जाते, नाल्यात अडकून पावसाळ्यात वस्तीत पाणी शिरविते. अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगताना भगवंतांनी परिणामांविषयीच्या बेपर्वाईला तामस कर्माचे लक्षण मानले आहे. काळोखात नदीकाठी ओतलेला राडारोडा व पुलावरून भिरकावलेली निर्माल्याची पिशवी ही कर्मे याच कोटीतील होत. पूजेची फुले आत आहेत एवढ्याने प्लॅस्टिकची पिशवी पवित्र होत नाही. फलत्याग म्हणजे फळाच्या आसक्तीचा त्याग. कर्माच्या परिणामाचे उत्तरदायित्व झुगारणे नव्हे.

कोणी म्हणेल, ‘ढीग होताच, माझ्या एका पिशवीने काय वाढले?’ प्रत्येक जण असेच म्हणतो, म्हणूनच ढीग होतो. श्रेष्ठ जन वागतात त्याप्रमाणे इतर वागतात, हे तिसऱ्या अध्यायातील लोकसंग्रहाचे सूत्र अशा कोपऱ्यालाही लागू आहे. गाडगे महाराजांनी (1876–1956) ते आचरून दाखविले. गावात येताच ते हाती खराटा घेऊन रस्ते झाडीत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. आधी झाडणे, मग सांगणे, हा त्यांचा क्रम होता.

अनेक नगरांत कचरा पडू नये म्हणून भिंतींवर देवांची चित्रे लावतात. उपाय सद्‌हेतूचा असेल. पण त्यातून आपलीच परीक्षा होते. चित्रातील देवापुढे आपला हात थांबतो आणि चित्र संपताच पुढे चार हातांवर पिशवी पडते. ईश्वर सर्व भूतांच्या हृदयात वसतो, हे आपण नित्य पाठ म्हणतो. मग तो ढीग उचलणाऱ्या माणसाच्या हृदयात नाही काय?

तेव्हा साधकांनी हे व्रत घ्यावे. ओला व सुका कचरा घरातच निराळा करावा. 2016 च्या शासकीय नियमांनीही हे कर्तव्य प्रत्येक घरावर ठेवले. काच जाड कागदात बांधून, सांगून हाती द्यावी. निर्माल्याचे खत करावे. घराची डागडुजी काढण्यापूर्वीच राडारोडा कोठे जाणार हे ठरवावे. शेजाऱ्यांनी मिळून गल्लीतील ढिगाची जागा स्वच्छ करावी आणि ती पुन्हा बिघडू नये म्हणून पाळीपाळीने लक्ष ठेवावे. कोणी चुकल्यास त्याला चारचौघांत न लाजविता एकांतात सांगावे, कारण सत्य, प्रिय व हितकर बोलणे हेही सतराव्या अध्यायात तपच मानले आहे.

आमच्या गल्लीचा तो कोपरा आता मोकळा आहे. मात्र त्या बाईंच्या तळहातावर व्रणाची रेघ राहिली आहे. ‘शौच’ शब्दाचा अर्थ लिहिताना मला आजही प्रथम तीच आठवते. भगवंत आपणांस अशी शुचिता देवो, की जिचे मोल दुसऱ्या कोणाला द्यावे लागणार नाही.