मंडळी

मराठी बायबलात चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. इमारतीला नव्हे, माणसांना. पूर्वी बायकोलाही ‘घरची मंडळी’ म्हणत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना एक मंडळी मिळाली आणि दुसरी दुरावली. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या.

श्रद्धेनं एकटेपण सरतं म्हणणाऱ्यांना म्हणून विचारावंसं वाटतं, कुणाचं? ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला टिळकांच्या सत्यशोधापेक्षा लक्ष्मीबाईंचं मागे राहणं जड वाटतं. पुढे त्या नवऱ्याकडे गेल्या, पण धर्म लगेच बदलला नाही. आधी सोवळंओवळं सुटलं, मग १९०० साली बाप्तिस्मा. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. कुणाच्या हातचं खायचं नाही हे ठरवत बसलेलं माणूस आधीच एकटं असतं. (जात पुढे चर्चमध्येही शिरलीच, हेही खरं.)

मी सॉफ्टवेअरवाला, आमची यंत्रणा सारख्या आवडीची माणसं एकमेकांना सुचवते. रविवारच्या उपासनेत मात्र शेजारी कोण बसेल हे माझ्या हाती नसतं. लांबलचक प्रार्थना करणारे काका, माझ्या राजकीय मतांवर चिडणारा तरुण, आणि प्रभुभोजनाची भाकर सगळ्यांना एकाच ताटातून. त्या तरुणाशी माझं अजून पटत नाही. गैरहजर राहिलो की पहिला फोन त्याचाच येतो.