करून दाखवताना



सॅक्रिस्टीत काही दिवसांपासून एक लहानसे टेबल आले आहे, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आपल्याच धर्मग्रामातील एका तरुणाने ते घराच्या गच्चीवर बनवले. तो पेशाने सुतार नाही. चर्चगेटला नोकरी करतो, रोज सकाळची गाडी पकडतो आणि रविवारी मिस्सा आटोपली की करवत हाती घेतो. आजोबांचे जुने घर पाडताना निघालेले सागवान त्याने जपून ठेवले होते, त्यातून हे टेबल झाले. कसे केले हे दाखवणारा नऊ मिनिटांचा व्हिडिओही त्याने बनवला आणि यूट्यूबवर टाकला. आम्ही तो दोनदा पाहिला. फळी कापली जाते, रंधा फिरतो, भुसा उडतो, सांधे बसतात, पॉलिश चढते आणि टेबल उभे! सृष्टीच्या निर्मितीला सहा दिवस लागले, तुला नऊ मिनिटे पुरली, असे आम्ही त्याला गमतीने म्हणालो.

तो म्हणाला, "फादर, पाच रविवार गेले. एक पाय आखूड कापला गेला होता. तो नव्याने केला. पण ते व्हिडिओत ठेवले नाही."

"का नाही ठेवले?"

"लोक कंटाळतात. आणि आपली चूक कशाला दाखवायची?"

आम्ही हसलो आणि विषय तिथेच सोडला. एवढेच नव्हे, तर पुढच्या रविवारी सूचना वाचताना आम्ही त्या व्हिडिओचे कौतुक केले आणि तरुणांनी तो जरूर पाहावा असेही सांगितले. हे आम्ही आरंभीच कबूल करतो, कारण पुढे जे घडले त्यात आमचाही वाटा आहे.

आपल्याकडच्या नववीतल्या एका मुलाने तो व्हिडिओ पाहिला. त्याच्या वडिलांचा ग्राइंडर माळ्यावर होता. लाकूड कापायचे पाते त्याला बसवून मुलाने काम सुरू केले, पण त्याआधी पात्यावरचा गार्ड काढून ठेवला. का काढला, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "व्हिडिओतल्या दादाने काढला होता." दोन बोटांना मिळून सात टाके पडले. बोटे वाचली, यासाठी देवाचे आभार. त्याच्या आईवडिलांची परवानगी घेऊनच आम्ही हे लिहीत आहोत.

आम्ही व्हिडिओ तिसऱ्यांदा पाहिला. गार्ड खरोखरच काढलेला होता. दोनदा पाहूनही आमच्या ते लक्षात आले नव्हते. त्या तरुणाला विचारले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. एरवी तो गार्ड कधीच काढत नाही. त्या दिवशी काढला तो पाते लाकडात कसे शिरते ते कॅमेऱ्याला नीट दिसावे म्हणून. तसे त्याने व्हिडिओखाली बारीक अक्षरांत लिहिलेही होते. म्हणजे पाहणाऱ्याला अधिक स्पष्ट दिसावे यासाठी त्याने जे केले, तेच त्याच्या कामातले एकमेव खोटे होते!

येथे एक जुना प्रश्न उभा राहतो. न सांगणे आणि खोटे सांगणे यांत फरक आहे का? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' ग्रंथात ढोंगाचा विचार करताना यावर बारकाईने लिहिले आहे. त्यांच्या मते माणूस केवळ शब्दांनीच खोटे बोलत नाही, कृतीनेही बोलतो. आपण जे नाही ते कृतीतून भासवणे हे खोट्याचेच एक रूप होय. पण आपण जे आहोत ते प्रत्येक वेळी उघड न करणे हे खोटे नव्हे. आपला दोष झाकून ठेवणारा माणूस तेवढ्यानेच ढोंगी ठरत नाही.

या कसोटीवर आखूड पायाचे काय? ते टेबल नुसतेच सॅक्रिस्टीत आणून ठेवले असते, तर कुठला पाय दुसऱ्यांदा कापला हे सांगायचे बंधन त्या तरुणावर नव्हते. आपल्या घरातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला सुताराने काय दुरुस्त केले ते आपण विचारत नाही. पण व्हिडिओ केवळ वस्तू दाखवत नाही, तो कृती दाखवतो. 'मी असे केले, तुम्हीही असे करा' असे त्यातला प्रत्येक क्षण म्हणत असतो. मधला तुकडा कापून दोन टोके जोडली की मध्ये काहीच घडले नाही असे पाहणाऱ्याला भासते. झाकणे कुठे संपते आणि भासवणे कुठे सुरू होते, ही रेषा इथे फार पुसट होते. आखूड पायामुळे फार तर एखादा नवशिका स्वतःला नालायक समजून करवत ठेवून देईल. (तेही लहान नुकसान नव्हे.) गार्डच्या बाबतीत मात्र रेषा स्पष्ट ओलांडली गेली. हाताने एक सांगितले, बारीक अक्षरांनी दुसरे. पाहणारा नेहमी हातावरच विश्वास ठेवतो.

याचा अर्थ कोणी असा घेऊ नये की कसब दाखवणेच वाईट. आमचे मत नेमके उलट आहे. शतकानुशतके कारागिरीचे ज्ञान कोंडून ठेवले गेले. युरोपात कारागिरांच्या संघांनी ते आपल्या सभासदांपुरते राखले, आपल्या देशात ते जातीच्या आणि घराण्याच्या भिंतीआड राहिले. फ्रान्समध्ये १७५१ पासून दिदरो यांचा विश्वकोश निघू लागला आणि त्यात कारखान्यांतली अवजारे चित्रांसह लोकांपुढे मांडली गेली. त्याच देशात आंद्रे रूबो नावाच्या एका सुताराने १७६९ ते १७७४ या काळात आपल्या विद्येवर मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेत १९८९ ते २००९ अशी वीस वर्षे नॉर्म अब्राम दूरदर्शनवर फर्निचर बनवून दाखवत असत आणि सुरक्षेचा चष्मा लावण्याविषयी आवर्जून बजावत. इंग्लंडचे पॉल सेलर्स साधा रंधा आणि पटाशी घेऊन आज जगभरच्या लोकांना शिकवतात. आपल्या धर्मग्रामातल्या एका निवृत्त शिक्षिकेने अशाच व्हिडिओंवरून नातवंडांसाठी पाळणा बनवला. पूर्वी तिला हे कोणी शिकवले असते?

पण दार उघडले की कोणीही आत येऊ शकतो. याचे एक भयंकर उदाहरण जगाने पाहिले आहे. जुन्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधला ट्रान्सफॉर्मर काढून, त्याच्या विजेने लाकडावर झाडाच्या फांद्यांसारखी जळकी नक्षी उमटवण्याचे व्हिडिओ फार लोकप्रिय झाले. नक्षी सुंदर दिसते, काम सोपे वाटते. पण त्या ट्रान्सफॉर्मरमधून सुमारे २,००० व्होल्टचा दाब निघतो आणि पहिलीच चूक शेवटची ठरू शकते. या प्रकारात ३० हून अधिक माणसे दगावल्याची नोंद आहे. अमेरिकेतल्या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत या प्रकाराला बंदी घातली. २०२२ साली ऑस्ट्रेलियाच्या ॲन रिअर्डन यांनी सावध करणारा व्हिडिओ काढला, तर यूट्यूबने धोकादायक म्हणून तोच काढून टाकला. लोकांनी आवाज उठवल्यावर तो परत आला. ही नक्षी करून दाखवणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात कोणाचे वाईट करायचे नव्हते, असे आम्ही मानतो. ते वाचले होते आणि वाचलेल्याचाच व्हिडिओ तयार होतो. जो गेला तो काही दाखवायला उरत नाही.

आमच्या ओळखीच्या एका वयोवृद्ध सुतारकाकांना आम्ही हे सारे सांगितले. त्यांनी पन्नास वर्षे हे काम केले आहे. ते म्हणाले, "फादर, रंधा लाकडाच्या रेषेविरुद्ध गेला की आवाज बदलतो. तो हाताला आधी कळतो, कानाला नंतर. व्हिडिओत वर गाणे लावलेले असते!" मायकेल पोलान्यी या रसायनशास्त्रज्ञाने पुढे तत्त्वचिंतनाकडे वळून १९६६ च्या आपल्या पुस्तकात माणसाच्या शब्दांत न मावणाऱ्या ज्ञानाचा विचार मांडला. सेमिनरीत तो समजून घ्यायला आम्हाला अर्धे सत्र लागले होते. काकांनी तो दोन वाक्यांत सांगितला. शुभवर्तमानात योसेफासाठी वापरलेला मूळ ग्रीक शब्द नुसत्या सुतारासाठी नसून बांधकाम करणाऱ्या कारागिरासाठीही आहे, पण त्याने बनवलेल्या एकाही वस्तूचा तिथे उल्लेख नाही. येशू त्याच्या शेजारी उभा राहून शिकला असेल, एवढेच आपण समजू शकतो. शेजारी उभ्या असलेल्या मुलाचे बोट पात्याकडे गेले, तर बाप हात धरतो. पडद्यावरचा दादा हात धरू शकत नाही. म्हणून त्याच्यावरची जबाबदारी बापापेक्षा कमी होते की वाढते? आम्हाला वाटते, वाढते. जो हात धरता येत नाही, त्याची काळजी आधीच करावी लागते.

त्या तरुणाने व्हिडिओ त्याच रात्री काढून टाकला. आम्ही त्याला म्हणालो की हे आम्हाला पुरेसे वाटत नाही. ज्यांनी पाहिला, त्यांच्या डोळ्यांपुढे तो उघडा ग्राइंडर आहेच, आणि तो चुकीचा होता हे आता त्यांना कोण सांगणार? तो दोन दिवस गप्प होता. मग नवा व्हिडिओ करायला बसला. आखूड पायाचा भाग त्यात घालायचे त्याच्या मनात होते, पण फोनमध्ये जागा हवी म्हणून तो त्याने केव्हाच पुसून टाकला होता. पाय मात्र गच्चीवर पडलेला सापडला. तो हातात धरून, कुठे चुकले आणि गार्ड का काढायचा नसतो, हे त्याने कॅमेऱ्यासमोर तोंडी सांगितले आहे. पाते आता नीट दिसत नाही. सुतारकाका रंधा चालवताना शेजारी बसले होते आणि गाणे लावू द्यायला ते तयार नव्हते.

तो व्हिडिओ आम्ही येत्या रविवारी सूचनांमध्ये सांगणार आहोत, आधीच्या आमच्या चुकीसह. मुलाचे टाके निघाले आहेत आणि काकांकडे जाऊन शिकायची त्याची इच्छा आहे. त्याच्या आईने अजून होकार दिलेला नाही. आम्ही तिला त्याबद्दल काही म्हटलेले नाही.