चौदावी मात्रा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत, तंबोऱ्यांच्या भोपळ्यांनी भरलेल्या एका दुकानाच्या माडीवर एक गुरुजी तबला शिकवायचे. त्यांच्याकडे दोघी बहिणी यायच्या. थोरली गायची, धाकटी तबल्यावर बसायची. धाकटीचा हात गोड होता. एकटी असली की कायदे, रेले सगळं स्वच्छ वाजायचं. पण समोर चार माणसं बसली की तिहाईत हमखास घोटाळा व्हायचा.

तिहाई तशी साधीच होती. ‘तिटकत गदिगन धा’, तीन वेळा. तीनतालाच्या १६ मात्रांपैकी नवव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर, ती उचलायची. पहिला धा अकराव्या मात्रेवर, दुसरा चौदाव्यावर आणि तिसरा थेट समेवर. धाकटीला हा हिशेब झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला असता. तरीही दुसऱ्या धाच्या पुढे तिचं मनगट आखडायचं. तिसरा धा कधी समेच्या आधीच आदळायचा, तर कधी मागे रेंगाळायचा. मग ती डग्ग्यावरचा हात काढून घ्यायची आणि मान खाली घालायची.

गुरुपौर्णिमा जवळ आली तशी ती म्हणाली, “गुरुजी, माझं नाव यादीतून काढा. मला नाही जमायचं.”

गुरुजी काही बोलले नाहीत. थोरलीने मात्र घरी तोडगा काढला. “रोज सकाळी आरशात बघून म्हण, मी फार छान वाजवते.” धाकटीने तेही करून पाहिलं. पण वाक्य तोंडातून बाहेर पडायचा अवकाश, आतून कुणीतरी विचारायचं, ‘मग काल काय दिवे लावलेस?’ तिचा निम्मा रियाज या भांडणातच जायचा.

एके दिवशी गुरुजींनी तिला तबला बाजूला ठेवायला सांगितलं. “आज नुसती पढंत कर. पण बोलांबरोबर मनात जे जे येईल, तेही मोठ्याने म्हणायचं. काही गाळायचं नाही.”

ते हातावर ताल धरून बसले. टाळी, टाळी, खाली, टाळी. धाकटीने खालीवरून उचललं. “तिटकत गदिगन धा, तिटकत गदिगन धा, आता चुकणार बघ, नेहमीचंच आहे तुझं, तिटकत…”

ती ओशाळून थांबली. सम केव्हाच येऊन गेली होती.

“पंधराव्या मात्रेवर तिटकत हवं होतं,” गुरुजी म्हणाले. “तिथे तू स्वतःला बोल लावत बसलीस. अगं, तबल्यात जे तोंडात तेच हातात येतं. तू एका वेळी दोन पढंती करतेस. हाताने ऐकायचं तरी कुणाचं?”

“मग ताई म्हणते तसं, मी छान वाजवते असं म्हणू का?”

“त्यालाही मात्रा लागतातच की! शिवी काय आणि शाबासकी काय, वाजवताना दोन्ही जागा अडवतात. परवा ताई यमन गाताना तालातून सुटली. तेव्हा तू तिला काय म्हणालीस?”

धाकटीने आठवून सांगितलं. “म्हटलं, ताई, खाली गेली. घाई नको, समेवर ये.”

“बघ. तुला गाता येत नाही, असं म्हणाली नाहीस. तू मोठी गायिका आहेस, असंही म्हणाली नाहीस. ती कुठे आहे आणि पुढे काय करायचं, तेवढं सांगितलंस. तेही मायेने. समर्थांनी मनाला २०५ श्लोक ऐकवले. त्यांनी दुसऱ्याच श्लोकात त्याला सज्जन म्हणून हाक मारली आणि मग काय धर, काय सोड, ते सांगत राहिले. आपल्या मनाशी असं बोलावं. आधी मानाने हाक मारावी, मग काम सांगावं.”

दोघांनी मिळून कामं ठरवली. नवव्या मात्रेवर मनात म्हणायचं ‘उचल’. चौदाव्या मात्रेवरच्या धाला म्हणायचं ‘सैल’, कारण मनगट आखडायचं ते तिथेच. बाकी सगळे बोल. लय इतकी कमी ठेवली की थोरलीला जांभया येऊ लागल्या. ‘चुकणार’ हा शब्द अधूनमधून डोकावायचाच. धाकटी त्याच्याशी वाद घालायची नाही. पुढची मात्रा मोजायची.

गुरुपौर्णिमेला माडी भरली. पेटीवर लेहरा सुरू झाला. पेशकार झाला, कायदा झाला आणि पहिली तिहाई आली. धाकटीने समोर पाहिलं, जुनं वाक्य धावत आलं आणि तिसरा धा समेच्या मागे पडला. पुढच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एरवी तिचा हात तिथेच थांबला असता. या वेळी ती मनात म्हणाली, ‘बाळा, ठेका धर.’ धा धिं धिं धा. हात चालू राहिला. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याची खाली आली. उचल. पहिला धा. दुसरा धा, सैल. तिसरा धा नेमका समेवर पडला आणि थोरलीच्या तोंडून “वा!” निघून गेलं.

कार्यक्रम संपल्यावर गुरुजींनी विचारलं, “मग, गेला का तो आतला आवाज?”

“कुठला जातोय, गुरुजी! आजही आला होता. पण चौदाव्या मात्रेवर दुसरंच कुणी बसलं होतं. त्याला टेकायला जागा मिळाली नाही.”

तात्पर्य : मनाला गप्प बसवता येत नाही, पण कामाला लावता येतं. अडखळलात तर स्वतःला दूषण देऊ नका आणि खोटं कौतुकही करू नका. आपल्या माणसाला सांगतो तशी, मायेने, फक्त पुढची पायरी सांगा.