जुनी बॅटरी कोणाला द्यावी?



इन्व्हर्टरची किंवा रिक्षाची बॅटरी संपली की आपण दोन ठिकाणी भाव विचारतो. दुकानदार नव्या बॅटरीच्या किमतीतून काही रक्कम कमी करतो. भंगारवाला शंभर रुपये जास्त देऊ करतो. ते घेण्यात गैर काय? वस्तू आपली, व्यवहार रोखीचा, फसवणूक कोणाचीच नाही. पापनिवेदनात याचा उल्लेख कोणी करणार नाही.

पण हे शंभर रुपये येतात कोठून? बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते. नोंदणीकृत कारखान्याला ते वितळवताना धूर गाळण्याचा व आम्ल निकामी करण्याचा खर्च येतो. उघड्यावर बॅटरी फोडून भट्टीत घालणारा तो खर्च करीत नाही. मग तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडतो.

बहुतेक वेळा ते लहान मूल असते. बाप कामाच्याच कपड्यांत घरी येतो, मुलाला उचलून घेतो आणि शिशाची धूळ मुलाच्या तोंडात जाते. पोटात गेलेले शिसे मुलाच्या शरीरात मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषले जाते. मूल आजारी दिसत नाही. अभ्यासात मागे पडते आणि आपण त्याला 'ढ' म्हणतो. मेंदूचे झालेले नुकसान औषधाने भरून येत नाही. जगातील दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिसे धोकादायक प्रमाणात आहे, असे युनिसेफने २०२० साली सांगितले.

आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याची भाकरी गाड्यांवर आहे, म्हणून हा प्रश्न आपल्या दारातला. महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीतील भंगाराची गोदामे पाडली. भंगार मात्र रोज तयार होतेच.

भंगारवाल्यालाही पोट आहे, असे कोणी म्हणेल. खरेच आहे. रद्दी, पत्रा, बाटल्या त्यालाच द्या, आणि घासाघीस न करता द्या. बॅटरी मात्र दुकानात जमा करून पावती घ्या. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि त्या योग्य ठिकाणी देण्याची आपल्यावर.

ज्यांचे कामच शिशाशी आहे त्यांनी हात-तोंड धुऊन, कपडे बदलून घरी यावे. ते कपडे वेगळे धुवावेत, फरशी ओल्या फडक्याने पुसावी. मुलांना दूध, नाचणी, पालेभाजी द्यावी. कॅल्शियम व लोह कमी पडले की शिसे अधिक शोषले जाते. शंका असल्यास रक्त तपासून घ्यावे. आणि गूळ खाल्ल्याने शिसे उतरते हा कामगारांतला समज खरा नाही.